डोकुविकी: फुकटातलं, दिसायला जुनाट, पण आमच्या शॉपला पुरून उरलं

भोसरीत छोटं मशीन शॉप आहे आमचं, चार व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), दोन लेथ आणि सगळी अक्कल दोघातिघांच्या डोक्यात. त्यातले सेटर काका (मशीनवर टूल आणि जॉब लावून देणारे) रिटायर झाले आणि पुढच्याच महिन्यात एका हाऊसिंगच्या बोअरला (आतल्या भोकाला) असला चॅटर, म्हणजे कापताना टूलची थरथर, यायला लागला की अख्खी शिफ्ट त्यात गेली. शेवटी काकांनाच फोन. "अरे बोअरिंग बार केवढा बाहेर काढलायस? त्याच्या व्यासाच्या चारपटीच्या आत ठेव की, आणि ०.८ चा इन्सर्ट काढून ०.४ चा लाव." (इन्सर्ट म्हणजे कापणारा तुकडा, आकडा त्याच्या टोकाच्या गोलाईचा, मिलिमीटरमध्ये.) झालं काम! तेव्हाच ठरवलं, हे कुठेतरी लिहून ठेवायला पाहिजे.

डोकुविकीच्या आधी एक महागडं 'नॉलेज मॅनेजमेंट' सॉफ्टवेअर घेऊन बसलेलो, माणशी महिन्याला पैसे, डेमोत सगळं झकास, आणि सोडताना आमचाच डेटा मागितला तर म्हणे पीडीएफ देतो. नाव घेत नाही, जाऊदे.

डोकुविकी म्हणजे विकिपीडियासारखी, सगळ्यांनी मिळून लिहायची पानं बनवणारं सॉफ्टवेअर. २००४ पासूनचं, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला), पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं आणि डेटाबेस लागतच नाही, एक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. ऑफिसातल्या जुन्या पीसीवर टाकलंय, बॅकअप म्हणजे फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर. सगळ्यात आवडलेली गोष्ट, पानाच्या जुन्या आवृत्त्या राहतात आणि कोणी कधी काय बदललं ते शेजारीशेजारी दिसतं, त्यामुळे "फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कोणी वाढवला" यावरची रोजची भांडणं संपली (निदान निम्मी तरी). कोण काय बघू शकतो तेही ठरवता येतं, कस्टमरचे ड्रॉइंग नंबर ट्रेनी पोरांना दिसत नाहीत.

आता कटकटी. रूप बघून पोरं हसली. पानाला मराठी नाव दिलं की फोल्डरमध्ये फाइलचं नाव टक्क्याच्या चिन्हांचं लांबलचक जंतर होतं, चालतं व्यवस्थित पण हाताने शोधायचं म्हटलं तर वैताग. आणि कोणी पान एडिटला उघडून चहाला गेला की दुसऱ्याला ते लॉक, साधारण पाव तास.

बाकी सॉफ्टवेअर काही आपणहून लिहीत नाही, सेटर लोक टाइप करायला बसत नाहीत म्हणजे नाहीत. आम्ही मशीनपाशीच मोबाईलवर बोलून टाइप करायला लावलं, 'बोअर'चं दरवेळी 'बोर' होतं, होऊदे. चॅटरचं पान मागच्या आठवड्यात काकांना दाखवलं तर चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "आरपीएम कमी करायचं राहिलंय लिहायचं."