“खोली तळमजल्यावरच आहे, ताई”

लग्नाला ३० वर्षं झाली की घरची माणसं तुम्हाला डोंगरावर पाठवायला निघतात, हा अनुभव नवा होता. मुलगा म्हणाला मनाली. सून म्हणाली मुन्नार. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “घरीच श्रीखंड आणू की.”

मुलानं तरी एका टूरवाल्याकडून मनालीचं कोटेशन मागवलंच. व्हॉट्सॲपवर आलेल्या त्या सहा पानांत पॅकेजमध्ये काय काय मिळणार त्याची यादी होती: फुलांनी सजवलेला पलंग, एक कॅंडललाइट डिनर आणि पहिल्या रात्री केशरदूध. ह्यांनी चष्मा लावून यादी वाचली आणि म्हणाले, “दूध चालेल, पण बिनसाखरेचं असेल का विचार.” ह्यांना डायबेटिस आहे, आणि फेब्रुवारीत उजव्या गुडघ्याची वाटी बदलली आहे. तीन तास सलग बसलं की गुडघा धरतो. चंदीगडहून मनाली म्हणजे आठ-नऊ तास गाडीत. डिसेंबरात रोहतांग बर्फानं बंद, म्हणून बर्फ बघायला अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलला जायचं. बोगदा ९ किलोमीटरचा, तो मला बघायचा होता, खोटं कशाला बोलू. पण मी त्या माणसाला साधा प्रश्न विचारला: गाडीतून उतरल्यावर खोलीपर्यंत किती चालायचं आणि किती पायऱ्या? तो म्हणाला, “मॅडम, सब हो जाएगा.” ३१ वर्षं ऑफिसात टेबलं सांभाळल्यावर मला एवढं कळतं, की ‘सब हो जाएगा’ म्हणजे अजून काहीच झालेलं नाही.

महाबळेश्वरचाही विषय निघाला. स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू होत असतो, पण डोंबिवलीहून पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. शेवटी मीच म्हटलं, माथेरान. १९९५ साली लग्नानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही तिथेच गेलो होतो. कर्जत लोकल पकडायची, बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ. तासाभरात डोंगराच्या पायथ्याशी. आयुष्यभर ज्या लोकलनं मुंबईच्या दिशेला गेलो, त्याच लाइनवर उलट्या दिशेला बसायला मिळतं आणि खिडकीही मिळते. हे लगेच तयार झाले. मुलाचा चेहरा पडला. “आई, माथेरान? तिथे तर शाळेची सहल जाते.”

आता ज्यांच्या घरात दुखरा गुडघा आहे, त्यांनी हे नीट वाचा. माथेरान जवळ आहे, पण सोपं नाही. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढे मोटारीला बंदी, म्हणून तर ते गाव अजून गावासारखं आहे. दस्तुरीहून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर आणि बाजारपेठेतून तुमचा लॉज आणखी पुढे. सगळं प्लॅनिंग त्या शेवटच्या तुकड्याचं असतं. नेरळपर्यंत काय, कोणीही पोचतं.

लॉजचं नाव मी लिहीत नाहीये. तक्रार करणार आहे आणि कौतुकही करणार आहे, आणि मालक माणूस भला आहे. बाजारपेठेतून शार्लोट लेकच्या रस्त्याला लागलं की आमच्या पावलांनी वीस-पंचवीस मिनिटांवर जुना बंगला आहे, जांभ्या दगडाचं जोतं, लांब व्हरांडा, वर पत्रा. फोटो बघून मी फोन केला आणि कागदावर लिहून ठेवलेले प्रश्न एकेक विचारले. कमोड आहे का? आहे. गरम पाणी? आहे. जेवण धरून भाव? धरून, दोन वेळचं जेवण, नाश्ता, चार वाजताचा चहा. बुधवार-गुरुवार रात्रीचे ३,८०० दोघांचे, शनिवारी ६,५००. आमची तारीख १० डिसेंबर, ती २०२५ साली बुधवारी आली, हे नशीब. आणि शेवटचा प्रश्न: खोली तळमजल्यावर आहे ना? “तळमजल्यावरच आहे, ताई.”

जायचं कसं यावर आमच्या घरात खरी चर्चा झाली. ह्यांचा जीव मिनीट्रेनमध्ये अडकलेला. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय घराण्यानं बांधलेली ही लाइन, दोन फुटी रूळ, नेरळपासून माथेरानपर्यंत २१ किलोमीटर, घाटात नुसती वेटोळी. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही स्टेशनांची नावं ह्यांना अजून पाठ. पण वर जायला अडीच तासांच्या आसपास लागतात आणि बाकं अरुंद. आखडून बसलेला गुडघा वर पोचून उठेलच असं नाही. शेवटी तोडगा निघाला. नेरळ स्टेशनाबाहेरून शेअर टॅक्सीनं घाट चढायचा, दस्तुरीला उतरायचं, चार पावलांवरच्या अमन लॉज स्टेशनात जायचं आणि तिथून शटल मिनीट्रेननं माथेरान स्टेशन. वीसेक मिनिटांत गाडीची हौस फिटते आणि पायही शाबूत राहतो. ज्यांना पूर्ण घाट रेल्वेनं करायचा आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा, पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, शटल तेवढी चालू असते. टॅक्सीच्या घाटातली वळणं पोटात कालवतात, मी आल्याची वडी चघळत गेले.

शटलमध्ये हे खिडकीशी बसले आणि तोंड इतकं उजळलं की मी त्यांचा फोटो काढला. ३० वर्षांपूर्वी कॅमेरा माझ्या दादाचा होता आणि रोल अर्धाच शिल्लक होता.

माथेरान स्टेशनपासून लॉजपर्यंतचं अंतर मात्र पायीच. घोडेवाले आले. डॉक्टरांनी घोड्याला स्पष्ट नाही म्हटलं होतं. मग एक हातरिक्षावाला आला आणि दोन पावलांवर घुटमळला. १९९५ साली आम्ही हातरिक्षात बसलो होतो, एक पुढे ओढणारा आणि दोघं मागून ढकलणारे. चढावर ह्यांना कसंनुसं झालं, ते उतरून बाजूनं चालायला लागले आणि मी एकटीच नव्या शालूत आत बसून राहिले. ते तिघंही रिक्षावाले हसत होते. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ह्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं होतं, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा म्हणून. ई-रिक्षा दस्तुरी ते बाजारपेठ या बाजूला दिसल्या, आमच्या रस्त्याला नव्हत्या. हे त्या माणसाला म्हणाले, “मी चालतो. तुम्ही बॅग घ्या.” बॅगेचे २०० ठरले. रिक्षा बाजूला लावून तो आमच्या वेगानं, म्हणजे थांबत थांबत, सोबत आला. कुठे झाडाची मुळं वर आलीत आणि कुठे लाल मातीवरून पाय घसरतो ते सांगत होता. ही सेवा कुठल्याही पॅकेजात लिहिलेली नसते. माझ्या लेखी संपूर्ण ट्रिपमधले ते सर्वांत योग्य २०० रुपये.

लॉजपाशी पोचलो आणि समोर पायऱ्या. १४. मी मोजल्या, हे चढताना पुन्हा मोजत होते.

मालक म्हणाले, “तळमजलाच आहे की ताई.” आणि ते खोटं बोलत नव्हते! बंगला उतारावर आहे. मागच्या बाजूनं बघितलं तर खोली जमिनीला टेकलेली, पुढून बघितलं तर १४ पायऱ्या वर. डोंगरावर तळमजला हा शब्दच निरर्थक आहे. तेव्हा ‘तळमजला आहे का’ असं विचारू नका, ‘रस्त्यावरून खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या’ असं विचारा, आणि ‘कठडा आहे का’ हेही. इथे कठडा एकाच बाजूला आहे. चढताना डाव्या हाताला, उतरताना उजव्या. ह्यांची काठी उजव्या हातात, म्हणजे उतरताना काठी माझ्याकडे.

खोली उघडली तर पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम, टॉवेलचे दोन हंस आणि छताला गुलाबी फुगे. मी मालकांना जरा कडक आवाजात म्हटलं की आम्ही हे सांगितलेलं नाही, बिलात लावू नका. ते खाली बघत म्हणाले, “ताई, तुमच्या मुलानं केलंय. पंधराशे भरलेत त्यांनी.” आता बोला. हंस दिसायला गोड होते, पण खोलीत टॉवेल तेवढेच, त्यामुळे संध्याकाळपर्यंत एक हंस आंघोळीला गेला. रात्री ह्यांच्या बाम लावलेल्या गुडघ्याला पाकळ्या चिकटल्या. त्या सोडवता सोडवता आम्ही दोघं इतकं हसलो, की पंधराशे अगदीच वाया गेले असं म्हणवत नाही.

खोली स्वच्छ, चादरी पांढऱ्या आणि खरंच धुतलेल्या. न्हाणीघराचा उंबरा उंच आहे आणि भिंतीला धरायला काही नाही, हा मोठा दोष. मालकांनी न सांगता प्लॅस्टिकची खुर्ची आत आणून ठेवली, त्याचे मार्क मी दिले. गरम पाणी आहे म्हणाले होते, ते सकाळी ७ ते ९ आहे. पहाटे पत्र्यावर माकडं धावतात, झोप पातळ असेल तर कापूस न्या. खिडकी उघडी राहिली तर आत हात येतो. आमच्या बामची ट्यूब एका माकडानं नेली, चावली आणि कठड्यावर बसून आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्हीच त्याला फसवलं.

जेवणाबद्दल मला वाईट बोलताच येत नाही. बुधवारी मटकीची उसळ, मऊ पोळ्या, वरणभात, काकडीची कोशिंबीर. डायबेटिसचं सांगितल्यावर ह्यांच्या ताटात भाताऐवजी भाकरी आली. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी सुनेला घट मांडायला सांगून आले होते, पण उपास माझा होताच. स्वयंपाकाच्या मावशींना आदल्या रात्री भीत भीत विचारलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी समोर आली, दाणेदार, भरपूर कूट घातलेली, वर दह्याची वाटी. संध्याकाळी मी व्हरांड्यात बसून मोबाइलवरची कहाणी वाचली तर मावशी पदराला हात पुसत येऊन ऐकायला बसल्या, आणि नैवेद्याला शिरा त्यांनी आपणहून केला होता. मनालीच्या त्या सहा पानांत हे कुठे बसलं असतं?

पॉइंटांचं म्हणाल तर आम्ही फारसे पाहिले नाहीत. पॅनोरमा लांब आहे, तो सोडून दिला. सूर्यास्ताचा पॉर्क्युपाइन पॉइंटही. शार्लोट लेकपर्यंत मात्र हे तीनदा बसून का होईना, पोचले. काठावरच्या पिसरनाथाचं दर्शन घेतलं. परतताना झाडीत शेकरू दिसली, लालसर तपकिरी, शेपूट अंगाएवढी, एका फांदीवरून दुसरीवर गेली आणि दिसेनाशी झाली. मी एकटी गुरुवारी सकाळी लुईझा पॉइंटला जाऊन आले आणि समोरचा प्रबळगड ह्यांना फोटोत दाखवला. रात्री चंद्र उशिरा उगवणार होता, त्यामुळे व्हरांड्यातून चांदण्या अशा दिसल्या जशा डोंबिवलीत वीज गेल्यावरही दिसत नाहीत. थंडीला शाल पुरते, स्वेटर नेला तर हरकत नाही. बूट बंद घाला, रस्त्यावर लाल धूळ आणि घोड्यांची लीद दोन्ही असतं. टॉर्च न्या. चिक्की घ्यायची तर चव बघून घ्या, सगळीकडे एकसारखी नसते.

पाचातले साडेतीन देईन. अर्धा न्हाणीघराच्या उंबऱ्यानं खाल्ला, एक त्या १४ पायऱ्यांनी.

शुक्रवारी निघताना बिल चुकतं केलं, एक रुपयाही जास्तीचा लावला नव्हता. बॅग न्यायला तोच रिक्षावाला यायचा होता म्हणून थांबलो, तर ह्यांना बंगल्याच्या मागच्या बाजूला एक बंद खोली दिसली. चार नंबर. दाराशी फक्त दोन पायऱ्या, त्याही बुटक्या. मी मालकांना विचारलं, ही आम्हाला का नाही दिली?

ते म्हणाले, “ताई, इथून व्ह्यू नाही. समोर जांभळीचं झाड नि स्वयंपाकघर. ॲनिव्हर्सरी म्हणालात, म्हणून पुढची दिली.”

हे तोवर चार नंबरच्या पायरीवर जाऊन बसले होते. काठी टेकून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग मला म्हणाले, “अगं, खिचडीचा वास इथपर्यंत येत असणार. पुढच्या डिसेंबरला हीच सांगून ठेव.”