मणक्यात सिमेंट भरून नऊ महिने झाले: सासूबाईंच्या उपचाराचा अनुभव

दारव्हा तालुक्यातील आमच्या शेतात गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस वेचलेल्या कापसाचे बोचके उचलताना माझ्या सासूबाईंच्या कमरेत अशी चमक भरली की त्या जागीच खाली बसल्या. त्यांचे वय 68. आधी गावात चोळून घेतले, मग एका दवाखान्यात एक्स-रे पाहून ‘मणक्यात गॅप आहे’ एवढेच सांगून पट्टा आणि गोळ्या दिल्या गेल्या. महिना गेला तरी बाजेवर कूस बदलताना त्या ओरडत, म्हणून नागपूर गाठले.

एमआरआयमध्ये कमरेचा पहिला मणका ताजा मोडलेला दिसला आणि त्याच्या लगत वरचा, पाठीचा बारावा मणका आधीच कधीतरी दबून तसाच जुळलेला. तेव्हा उलगडा झाला की दोन वर्षांपासून त्यांच्या लुगड्याच्या निऱ्या जमिनीला का लागत होत्या. उंची घटली होती, आणि आम्ही तो नेसण्यातला ढिलेपणा समजत होतो. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे 3.4 आला. उणे 2.5 किंवा त्याहून कमी असल्यास ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, धरतात.

मणक्यात सिमेंट भरण्याची घाई डॉक्टरांनी केली नाही, हे मला आवडले. असे बरेच मणके दोन-तीन महिन्यांत आपोआप जुळतात, आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत सिमेंट भरलेले व भरल्याचा केवळ देखावा केलेले रुग्ण यांच्या वेदनेत विशेष फरक आढळला नव्हता, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. मात्र 2016 च्या एका चाचणीत सहा आठवड्यांच्या आतल्या, तीव्र वेदनेच्या रुग्णांना फायदा दिसला होता, आणि आमचा पाचवा आठवडा चालू होता. फुगा घालून मणका उचलण्याच्या कायफोप्लास्टीचा खर्च बराच जास्त होता, म्हणून आम्ही फुग्याविना थेट सिमेंट भरण्याची साधी व्हर्टेब्रोप्लास्टी निवडली.

सासूबाईंना पालथे झोपवून, जागा बधिर करून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत दोन जाड सुयांमधून मणक्यात सिमेंट सोडले. हे सिमेंट घराचे नव्हे, दातांची कवळी ज्या अ‍ॅक्रिलिकची करतात त्याच जातीचे असते आणि काही मिनिटांत घट्ट होते, हे मला नंतर अर्ध्या गावाला समजावावे लागले. ते मणक्याबाहेर झिरपण्याचा धोका असतो, म्हणून संमतीपत्र वाचूनच सही करावी. संध्याकाळी त्या धरून चालल्या, आणि तिसऱ्या रात्री सलग झोपल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या पायांतली ताकद गेली होती. त्यांच्यावर मज्जारज्जूवरचा दाब काढून स्क्रू बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली, आणि हाड पोकळ असल्याने स्क्रूभोवतीही सिमेंट भरावे लागले.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. सिमेंटने एक मणका धरला, बाकीची हाडे तशीच होती, आणि त्यांच्यासाठी टेरिपॅराटाइड या नवे हाड तयार करवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन रोज पोटावर टोचायचे होते. ते 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. मे महिन्यात दुपारभर वीज गेली की मी पेन थर्मासमध्ये बर्फाजवळ ठेवी, पण मधे जाड फडके घालून, कारण गोठलेले औषध वापरता येत नाही. असे पेन 28 दिवस चालते आणि हा उपचार सहसा दोन वर्षांपर्यंतच करतात. त्यानंतर दुसरे औषध घेतले नाही, तर मिळवलेली घनता पुन्हा ओसरते. खर्च इथेच अधिक बोचतो, आणि शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकात तो कुणी लिहीत नाही.

चौथ्या महिन्यात पाठ पुन्हा दुखली तेव्हा शेजारचा मणका गेला की काय, या भीतीने आम्ही धावत गेलो. एक्स-रे स्वच्छ निघाला, दुखणे स्नायूंचे होते. वेदना आता दहापैकी दोनच्या आसपास आहे. ती सिमेंटने गेली की काळाने, हे सांगता येत नाही, पण बाजेवरचे ते आठवडे वाचले हे नक्की. पाठीचा बाक तसाच आहे आणि गेलेली उंची परतली नाही. बाजेच्या जागी दिवाण आला, पाण्याचा गुंड माझ्याकडे, आणि कमोडची खुर्ची त्यांनी महिनाभर रुसून मग स्वीकारली.

यंदा वेचणीला येणार म्हणून त्यांनी आतापासूनच हट्ट धरला आहे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाकून वजनकाट्याचा हिशेब लिहायचा, बोचक्याला हात लावायचा नाही, इतक्यावर सध्या तडजोड झाली आहे.