मुलांच्या मानसोपचार ओपीडीत सहा महिने

धाकट्याला घेऊन सहा महिने या ओपीडीत जातेय, म्हणून लिहिते. पहिल्या दिवशी नंबर लागायला तीन तास. बाकं अपुरी, खेळणी म्हणून एक चाक तुटलेली मोटार. तिच्यावरून दोन पोरांची जुंपली, तेवढीच करमणूक.

आत मात्र चित्र पालटलं. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत ‘चंचल आहे’ म्हणून गोळी लिहून देतील. डॉक्टरबाई आधी त्याच्याशीच बोलल्या, तेही मला बाहेर बसवून. मग वर्गशिक्षकांसाठी प्रश्नावली दिली. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा नि अतिचंचलपणाचा विकार, म्हणायचं तर लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून हवीत, किमान ६ महिने टिकलेली हवीत, आणि घरी नि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत, म्हणाल्या. आमचा तर घरी तासन्‌तास चित्रं काढत बसतो! वर्गातली ती चुळबुळ, रोज सकाळचं पोट दुखणं, सगळ्याच्या मुळाशी निघाली चिंता. सुट्टीच्या दिवशी पोट दुखत नाही, हे त्यांनी विचारेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

औषध नाही, दर आठवड्याला सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार. कागदावर भीतीची शिडी काढली. पहिली पायरी, शाळेच्या फाटकाला हात लावून परत यायचं. सातवी, वर्गात मोठ्यानं वाचायचं. तिथे अजून अडलोय.

खरा राग एका गोष्टीचा. मध्येच समुपदेशक बदलल्या आणि पोराला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. एवढी जाडजूड फाईल मग ठेवता कशाला?