डक्टचं स्टॅटिक काढायची विकतची एक्सेल शीट, साडेतीन स्टार (दीड कुठे गेला ते वाचा)

आमचं काम छोट्या ऑफिसांचं, शोरूमचं एसी डक्टिंग. इतकी वर्षं स्टॅटिक (डक्टमधून हवा ढकलायला फॅनला लागणारा दाब) म्हणजे "टाक रे २५ एमएम" (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) असाच कारभार होता, पण मागच्या कामात कन्सल्टंटने कॅल्क्युलेशन मागितलं म्हणून ऑनलाईन १२०० रुपयांना ही शीट घेतली. कोणाची ते सांगत नाही.

आधी चांगलं सांगतो. सरळ डक्टचा हिशोब एकदम चोख आहे. मी मुद्दाम कॅल्क्युलेटर घेऊन ताडून बघितलं, २००० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा, ५०० बाय ४०० एमएमचा जीआय (गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा) डक्ट, इक्विव्हॅलंट डायमीटर (तेवढ्याच घर्षणाच्या गोल डक्टचा व्यास) ४८८ एमएम आणि फ्रिक्शन, म्हणजे घर्षणात जाणारा दाब, मीटरला साधारण ०.५५ पास्कल, शीटने तेच दिलं. फ्रिक्शन फॅक्टरसाठी (घर्षणाचा गुणांक) कोलब्रुकचं सूत्र, ज्यात उत्तर दोन्ही बाजूंना येतं, ते न वापरता स्वामी-जैनचं सूत्र टाकलंय त्यामुळे सर्क्युलर रेफरन्सची (सेल स्वतःवरच अवलंबून राहण्याची) कटकट नाही, एका सेलमध्ये काम होतं. समुद्रसपाटीपासूनची उंची टाकायला पण सेल आहे. पुण्याला ५६० मीटर टाकलं की हवेची घनता सहाएक टक्के उतरते आणि लॉस (वाटेत जाणारा दाब) पण त्याच हिशोबात.

पण खरी मजा फिटिंगमध्ये. त्याच डक्टला एक चौकोनी एल्बो (काटकोनी वळण) लावला, आत वेन (हवा वळवणाऱ्या पट्ट्या) नाहीत, लॉसचा कोएफिशंट (गुणांक) १.२ धरला तर १६ पास्कल जातात. म्हणजे ३० मीटर सरळ डक्टमध्ये जेवढं जातं तेवढं एका कोपऱ्यात! वेन टाकले की तीन-चार पास्कलवर येतं. हे शीटमध्ये ओळीशेजारी ओळ दिसतं आणि आमच्या फॅब्रिकेटरला मी लॅपटॉप फिरवून तेच दाखवलं, कारण वेन म्हटलं की तो "काही फरक पडत नाय साहेब" म्हणून मोकळा होतो. त्या दिवशी गप्प बसला. माझे १२०० तिथेच वसूल.

आता रडगाणं. एका कामात फिल्टर-कॉइल सोडून नुसत्या डक्टच्या लाईनची सगळ्या ओळींची बेरीज १६२ पास्कल येत होती आणि खाली टोटल २०२.५. तीनदा बेरीज केली, म्हटलं माझंच काहीतरी चुकतंय, मग भागाकार केला तर बरोब्बर १.२५. लॉक केलेल्या सेलमध्ये गपचूप २५ टक्के सेफ्टी! विकणाऱ्याला मेल केला तर "सर सगळेच घेतात" आणि पासवर्ड देणार नाही. अहो घ्या ना, पण लिहा तरी. कारण पुढे कन्सल्टंट त्याचे १० टक्के लावतो, फॅनवाला त्याचे १० लावतो, १६२ चे २४५ होतात, तेवढ्याच हवेला दीडपट पॉवरचा फॅन येतो आणि मग साईटवर डॅम्पर (हवा अडवायच्या झडपा) अर्धे बंद करून हवा दाबत बसा. आवाज होतो तो वेगळाच, आणि क्लायंट फोन आपल्याला करतो.

अजून एक, फ्लेक्सिबल डक्ट शीट पूर्ण ताणलेला धरते. आमच्याकडे पोरं दोन मीटरच्या जागी तीन मीटर कोंबून फॉल्स सीलिंगवर सोडून देतात, त्यात लॉस कित्येक पट वाढतो, पण त्यासाठी शीटमध्ये काही सोयच नाही. आणि सगळ्या ब्रँचेस (डक्टचे फाटे) एकाखाली एक भरू नका, शीट बिनधास्त सगळ्यांची बेरीज करते. फॅनला लागतं ते फक्त सगळ्यात जास्त लॉस असलेल्या एकाच लाईनचं. नवीन पोरगं इथे हमखास फसणार, आमचा फसलाच.

मॅक्रो आहेत त्यामुळे गूगल शीट्सवर चालत नाही, एक्सेलच लागतं. मी सध्या त्यांच्या टोटलकडे बघतच नाही, दुसऱ्या फाईलमध्ये ओळी लिंक करून बेरीज स्वतः घेतो आणि सेफ्टी १० टक्के, वेगळ्या सेलमध्ये, पिवळ्या रंगात.