एम.ई.च्या प्रबंधासाठी विषय: वायरलेस, डेटा मायनिंग, क्लाउड की सायबर सुरक्षा?

सिनॉप्सिसची, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याची, तारीख जवळ आली की ऐरोलीपासून पनवेलपर्यंतच्या कॉलेजांत हीच चार नावं फिरू लागतात. मीही यातून गेलो आहे. माझी निवड शेवटी सुरक्षा आणि वायरलेस या दोघांत येऊन ठेपली होती, आणि मी वायरलेस घेतलं. उरलेल्या दोन विषयांवर सोबतच्यांनी काम केलं, ते जवळून पाहिलं. कुठल्या विषयाला किती मागणी आहे, कुठे किती पेपर छापून येतात, हे तुम्ही वाचलेलंच असेल, त्यात शिरत नाही. मी चौघांना एकच प्रश्न विचारतो: तुमच्या निष्कर्षामागचा डेटा कुठून येणार, आणि त्यात काही विचित्र दिसलं तर त्याचं कारण शोधायला तुम्हाला कुठवर जाता येईल?

क्लाउडपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे नवी मुंबईत राहणाऱ्याला तो सर्वांत जवळचा वाटतो. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे करत गेलं की मोठमोठी डेटा सेंटर्स दिसतात, पनवेलच्या बाजूलाही उभी राहिली आहेत. देशातल्या क्लाउडचा मोठा हिस्सा आपल्या शेजारी चालतो. पण विद्यार्थ्याला त्याच्या फाटकाच्या आतलं काही मोजता येत नाही. मग आधार उरतो तो मोठ्या कंपन्यांनी खुल्या केलेल्या नोंदींचा. गुगलने २०११ मधल्या एका क्लस्टरच्या (एकत्र चालणाऱ्या मशीनच्या समूहाच्या) २९ दिवसांच्या नोंदी दिल्या, त्यात सुमारे १२,५०० मशीन होती. पुढे २०१९ मधल्या आठ क्लस्टरच्या महिनाभराच्या नोंदीही दिल्या. हा फार मोलाचा ऐवज आहे, यात शंका नाही. पण त्यात मशीनची क्षमता थेट दिलेली नसते, सर्वांत मोठ्या मशीनच्या तुलनेत शून्य ते एक अशा प्रमाणात दिलेली असते. त्यामुळे तुमच्या शेड्युलिंगने (कोणतं काम कोणत्या मशीनला द्यायचं ते ठरवण्याने) किती वीज वाचली, हे सांगायचं तर विजेचं गणित तुम्हाला गृहीत धरावं लागतं. क्लाउडसिम या सिम्युलेटरमध्ये बसून काढलेला बचतीचा आकडा त्या गृहीतकाइतकाच पक्का. माझ्या एका मित्राला परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं, आणि त्याच्याकडे द्यायला प्रामाणिक उत्तर एवढंच होतं.

क्लाउडमध्येच राहायचं असेल तर सर्व्हरलेसमधला (सर्व्हर न सांभाळता नुसतं फंक्शन चालवण्यातला) कोल्ड स्टार्ट हा विषय मला बरा वाटतो. फंक्शन बराच वेळ न वापरता पडून राहिलं की पुढच्या विनंतीला उशीर लागतो. तो उशीर तुम्ही घरून, फार खर्च न करता, स्वतः मोजू शकता. मात्र बिलाची मर्यादा पहिल्याच दिवशी लावून ठेवा.

डेटा मायनिंगबद्दल थोडक्यात. अग्रवाल आणि श्रीकांत यांचा १९९४ चा अप्रायोरी अल्गोरिदम आपण सगळेच शिकतो, पण आजचं संशोधन तिथून फार पुढे गेलं आहे. सगळ्यांना ठाऊक असलेल्या डेटासेटवर अचूकता अर्ध्या टक्क्याने वाढवायची शर्यत ज्यांच्याकडे मोठे जीपीयू आहेत त्यांची आहे, आपण त्यात उतरू नये असं मला वाटतं. दोन वाटा मात्र एका साध्या मशीनवरही करण्याजोग्या आहेत: २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी मांडलेली डिफरेन्शियल प्रायव्हसी (कोणा एकाची माहिती उघड होऊ नये म्हणून उत्तरात मोजका गोंधळ मिसळणं), आणि डेटा जागचा न हलवता मॉडेल शिकवणारं फेडरेटेड लर्निंग. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून आपल्याकडे या दोन्हींना खरा संदर्भ मिळाला आहे. एखाद्या दवाखान्याचा किंवा पतपेढीचा डेटा तुम्हाला रीतसर, लेखी संमतीने मिळत असेल तर हा विषय जरूर घ्या. तसा मिळत नसेल तर मी थांबेन.

आता सायबर सुरक्षा. इथे मला जास्त बोलायचं आहे.

या विषयाचं आकर्षण मला पुरेपूर कळतं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मर्स्क समूहाची यंत्रणा कोलमडली आणि इथे न्हावाशेव्याला जेएनपीटीमधल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेली गोष्ट उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लावते, हे कळल्यावर कोणाला यावर काम करावंसं वाटणार नाही? मलाही वाटलं. एम.ई.च्या पातळीवर या विषयाचं सर्वांत सोपं दार म्हणजे मशीन लर्निंग वापरून घुसखोरी ओळखणं. मी तिथूनच चाचपणी सुरू केली.

आणि तिथेच ती गोष्ट भेटली, जिने माझा निर्णय केला. या शाखेत वर्षानुवर्षं सर्वाधिक वापरला गेलेला डेटासेट म्हणजे केडीडी कप ९९. तो अमेरिकेतल्या एमआयटी लिंकन लॅबमध्ये १९९८ साली कृत्रिमरीत्या घडवलेल्या ट्रॅफिकवरून काढलेला. त्यात ४१ गुणधर्म आणि सुमारे ४९ लाख नोंदी. २००९ मध्ये तवल्लाई आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा प्रशिक्षणाच्या भागातल्या सुमारे ७८ टक्के आणि चाचणीच्या भागातल्या ७५ टक्के नोंदी दुबार निघाल्या. त्या काढून एनएसएल-केडीडी तयार झाला. पण मूळ ट्रॅफिक तेच राहिलं. मी एनएसएल-केडीडीवर साधं डिसिजन ट्री चालवलं, क्रॉस व्हॅलिडेशनमध्ये (डेटाचे भाग करून आळीपाळीने तपासण्यात) आकडा झकास आला. अल्गोरिदम बदलला, दशांश बदलले. एखादी नोंद चुकीच्या गटात का गेली हे समजून घ्यायला गेलो, तर पुढे वाटच नव्हती. ते नेटवर्क कधीच मोडीत निघालेलं. ज्या मशीनवरून ते पॅकेट सुटलं ते मशीन नाही, त्या दिवशी तिथे काय चाललं होतं हे सांगणारं कोणी नाही. डेटासेटमध्ये लिहिलंय म्हणून तो हल्ला. मला याचा मनापासून त्रास झाला. मी समोरच्या कोष्टकाशी भांडत होतो, आणि कोष्टक उत्तर देत नाही.

पुढे महोनी आणि चॅन यांचा २००३ चा अभ्यास वाचला आणि त्रासाचं कारण स्पष्ट झालं. त्याच लॅबच्या १९९९ च्या ट्रॅफिकमध्ये त्यांना असं आढळलं की पॅकेटच्या टीटीएल या आकड्याची, म्हणजे ते अजून किती टप्पे ओलांडू शकतं याची, १२६ आणि २५३ ही मूल्यं फक्त हल्ल्याच्या पॅकेटमध्ये होती, बाकीच्यांत बहुतेक ठिकाणी १२७ आणि २५४. म्हणजे हल्ला कशाला म्हणतात हे काहीही न शिकता, केवळ प्रयोगशाळेची मांडणी ओळखून मॉडेल पास होऊ शकतं. नवे डेटासेटही सर्वस्वी सुटलेले नाहीत. कॅनडात तयार झालेला सीआयसी-आयडीएस २०१७ हा बराच बरा, तरी २०२१ मध्ये त्यातही फ्लो (एकाच संभाषणातली पॅकेट) जोडण्याच्या आणि लेबल लावण्याच्या चुका दाखवल्या गेल्या. २०२२ मध्ये आर्प आणि सहकाऱ्यांनी सुरक्षेतले मशीन लर्निंगवरचे ३० नावाजलेले पेपर तपासले, प्रत्येकात किमान तीन पद्धतशीर त्रुटी सापडल्या. ही नामांकित परिषदांतल्या लोकांची गत, मग एका वर्षात प्रबंध उरकणाऱ्या आपली काय?

आणि समजा डेटासेट निर्दोष आहे. दिवसाला १० लाख कनेक्शन येतात, त्यांतले १०० हल्ले आहेत. तुमची यंत्रणा दोन्ही बाजूंनी ९९ टक्के अचूक आहे. ती ९९ हल्ले पकडेल, आणि त्यासोबत जवळजवळ १०,००० खोटे इशारे देईल. रात्रपाळीला बसलेल्या माणसाने शंभर इशारे तपासावेत तेव्हा एक खरा निघेल. हा मुद्दा स्टेफान ॲक्सेलसन यांनी १९९९ मध्येच मांडला होता, तरी ‘९९ टक्के अचूकता’ असं लिहिलेली मुखपृष्ठं व्हायवाला येतच राहतात.

म्हणून मी वायरलेसकडे वळलो. पण इथेही एक इशारा आधीच देतो. वायरलेस म्हणजे एनएस-३ या सिम्युलेटरमध्ये पन्नास नोड (नेटवर्कमधली उपकरणं) सोडून एओडीव्ही या मार्ग शोधणाऱ्या प्रोटोकॉलची तुलना करणं असेल, तर तोच आजार वेगळ्या नावाने आहे. रँडम वेपॉइंट हे मोबिलिटी मॉडेल, म्हणजे नोड कसे फिरतात याचा नमुना, घ्या: किमान वेग शून्य ठेवला तर सिम्युलेशन जसजसं पुढे जातं तसतसा नोडचा सरासरी वेग घसरत राहतो. हे २००३ मध्येच दाखवून झालं आहे, तरी ते सेटिंग अजून दिसतं. आणि ६जीच्या मोहात पडू नका. सरकारचा भारत ६जी आराखडा मार्च २०२३ मध्ये आला, विषय मोठा आहेच, पण परवान्याचा स्पेक्ट्रम आणि महागडी उपकरणं आपल्या लॅबमध्ये येत नाहीत.

माझा कौल परवानामुक्त पट्ट्यात प्रत्यक्ष मोजण्याला आहे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या पॉवरच्या मर्यादेत कोणालाही वापरता येतो, आणि लोरा, म्हणजे कमी विजेवर लांबवर छोटे संदेश पाठवणारं रेडिओ तंत्र, त्यातच चालतं. ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरबरोबर लोराची एसएक्स१२७६ चिप असलेले बोर्ड लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतात. काही हजारांत दोन-चार नोड आणि एक साधा रिसीव्हर उभा राहतो. विषयही इथल्या मातीतूनच मिळाला. नवी मुंबईचा बराच भाग भराव घालून उभा राहिला आहे, भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की नाल्याचं पाणी खाडीत उतरत नाही, त्यासाठीच तर ते पाणी तात्पुरतं साठवणारे धारण तलाव आहेत. नाल्यातल्या पाण्याची पातळी कमी विजेवर, कमी पैशांत, सातत्याने कळवता येईल का, हा माझा प्रश्न होता.

रिसीव्हर घणसोलीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर होता. खाडीपलीकडच्या नोडची पॅकेट बिनतक्रार येत, कारण मध्ये मोकळं पाणी. त्याहून कितीतरी जवळचा, पारसिकच्या डोंगराच्या आडोशाला ठेवलेला नोड मात्र गप्प. स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश हळू पण लांब पोहोचवणारं लोराचं सेटिंग) वाढवला की तोही बोलू लागे, पण दर पायरीला पॅकेट हवेत राहण्याचा वेळ साधारण दुप्पट होतो, आणि मग वेगवेगळ्या नोडची पॅकेट हवेत एकमेकांवर आदळू लागतात. किती नोडपर्यंत हे परवडतं, हा प्रबंधाचा अख्खा अध्याय झाला.

पावसाळ्यात पॅकेट गळू लागली. पुस्तक सांगतं की या वारंवारतेला पावसाच्या थेंबांचा फारसा उपद्रव नसतो, आणि ते खरंच आहे. गच्चीवर जाऊन पाहिलं तर कारणं वेगळीच. सोसायटीने पावसाळ्याआधी गच्चीवर पत्र्याची शेड घातली होती आणि अँटेना नेमका तिच्याखाली गेला होता. दुसऱ्या नोडच्या कनेक्टरला खाडीच्या खाऱ्या हवेने गंज धरला होता. माझ्या दृष्टीने वायरलेसची सगळी थोरवी एवढ्यात आली: पॅकेट हरवलं की जिना चढून कारण बघता येतं. ते कारण प्रबंधात लिहिता येतं, आणि परीक्षकाने कुठूनही प्रश्न विचारला तरी आपल्याकडे त्या दिवसाची वही असते.

याची किंमतही सांगायला हवी. बोर्ड जळतात, सेक्रेटरींची परवानगी मिळवावी लागते, पेपरला उशीर होतो. नोकरीच्या मुलाखतीत ऐरोली-महाप्याच्या कंपन्या क्लाउडचं प्रमाणपत्र आधी बघतात, हा माझा अनुभव आहे. तुमचा कदाचित वेगळा असेल. घरची गरज म्हणून लगेच नोकरी हवी असेल, तर माझ्या सल्ल्यापेक्षा ती गरज मोठी.

आणि मन सुरक्षेतच अडकलं असेल तर तेही स्वतःच्या डेटावर करता येतं. २०१७ मध्ये माथी व्हानहूफ यांनी क्रॅक हल्ल्यात वायफायच्या हँडशेकमधली (जोडणी करताना किल्ली ठरवणाऱ्या देवाणघेवाणीतली) उणीव दाखवली, २०२१ मध्ये त्यांचंच फ्रॅगअ‍ॅटॅक्सवरचं काम आलं. या शाखेतलं अस्सल काम खऱ्या राउटरवरच होतं. मॅनेजमेंट फ्रेमचं (जोडणी करणाऱ्या-तोडणाऱ्या संदेशांचं) संरक्षण डब्ल्यूपीए३ या वायफाय सुरक्षा मानकात सक्तीचं आहे, पण आपल्या आसपासचे कितीतरी जुने राउटर त्याशिवायच चालतात. लॅबमध्ये स्वतःचे राउटर लावा, डीऑथेंटिकेशन फ्रेम (जोडणी तोडायला सांगणारा संदेश) स्वतः पाठवा, स्वतःच पकडा. शेजाऱ्याच्या नेटवर्कला हात लावायचा नाही, तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरतो. अशा डेटासेटमध्ये प्रत्येक हल्ल्याचं लेबल खरं असतं, कारण तो तुम्हीच केलेला असतो. एका राउटरवर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर तपासा, आणि तिथे आकडा घसरला तर घसरलेलाच छापा. गाइडना पहिल्याच भेटीत विचारा की दोन-तीन जुने राउटर आणि हवेतली सगळी पॅकेट पकडू देणाऱ्या मॉनिटर मोडवर चालणारं एक वायफाय कार्ड लॅबमधून मिळेल का. ‘हो’ म्हणाले तर सुरक्षा घ्यायला माझी काहीच हरकत नाही. ‘डेटासेट डाउनलोड कर’ म्हणाले, तर लोराचे बोर्ड मागवा.