उच्च मितींतले बहिर्वक्र पिंड: डिझर्टेशनला कोणती वाट धरावी?

बडोद्यात एमएस युनिव्हर्सिटीत एम.एस्सी. करताय, उच्च मितींतले बहिर्वक्र पिंड (ज्यांतल्या कुठल्याही दोन बिंदूंना जोडणारी रेघ आतच राहते असे आकार) हा विषय ठरलाय, पद्धत ठरत नाहीये, अशांसाठी हे. संभाव्यता तिन्ही वाटांवर भेटते, पण तयारी प्रत्येकीला वेगळी लागते. एका सत्रात सिद्धतेची शेवटची ओळ गाठायची असेल, तर माझं मत पहिलीला.

ती म्हणजे कॉन्सन्ट्रेशन ऑफ मेजर: उच्च मितींत जवळपास सगळं माप एका छोट्या भागात एकवटतं, ही गोष्ट. ५०० मितींच्या चेंडूचं ९९ टक्क्यांहून जास्त घनफळ त्रिज्येच्या बाहेरच्या एक टक्का सालीत असतं. ०.९९ चा ५०० वा घात काढून पाहा, ०.००६६ च्या आसपास येतो. गोलपृष्ठावर तर याहून नवल: कुठलंही विषुववृत्त घ्या, जवळपास सगळं क्षेत्रफळ त्याच्या आजूबाजूलाच. याच जोरावर मिल्मन यांनी १९७१ मध्ये ड्वोरेत्स्कीच्या प्रमेयाची (मोठ्या मितीच्या पिंडाला जवळपास गोल छेद असतोच) नवी सिद्धता दिली. एन मितींचा केंद्र-सममित पिंड आधी रेषीय रूपांतराने नीट बसवून घ्यायचा, मग लॉग एनच्या पटीतल्या मितीचा छेद चिठ्ठी टाकून निवडायचा. तो बहुधा गोलसरच निघतो. घनाला याहून मोठ्या मितीचा असा छेद मिळत नाही, क्रॉस-पॉलिटोपला (अष्टफलकाचं उच्च मितींतलं रूप) मात्र एनच्या ठरावीक अंशाएवढा मिळतो. ही दोन टोकं स्वतः गणित करून दाखवलीत की अर्धं काम झालं. मेजर थिअरी आणि थोडं फंक्शनल ॲनालिसिस पुरतं.

दुसरी वाट घनफळ मोजण्याची. २० मितींच्या घनात आंधळेपणाने बिंदू टाकले, तर आतल्या चेंडूत सुमारे चार कोटींत एक पडतो. म्हणून पिंडाच्या आतच रँडम वॉक, म्हणजे चिठ्ठी टाकून एकेक पाऊल टाकत जाणं, चालवायचा. बिंदू आत की बाहेर एवढंच विचारायची मुभा असेल, तर निश्चित पद्धतीने बहुपदी वेळात (मितीच्या एखाद्या ठरावीक घाताच्या पटीत) चांगला अंदाज निघत नाही, हे बाराणी आणि फुरेदी यांनी दाखवलं होतं. तरी डायर, फ्रीझ आणि कन्नन यांनी १९८९ मध्ये यादृच्छिकतेच्या मदतीने वाट काढली. वेळ मितीच्या २३ व्या घाताच्या पटीत, पण बहुपदी! कोडिंगची आवड असेल तर हीच घ्या. दांडिया बाजारातल्या मामांनी "उपयोग काय?" विचारलं, तरी उत्तर तयार असतं.

तिसरी, स्टोकॅस्टिक लोकलायझेशन (पिंडावरचं संभाव्यतेचं वाटप यादृच्छिक पद्धतीने हळूहळू एका बिंदूपाशी एकवटत नेण्याचं तंत्र), सध्या सगळ्यांना खुणावते. एल्डान यांची ही कल्पना २०१३ ची. बूर्गॅन यांचा स्लाइसिंगचा प्रश्न असा: घनफळ १ असलेल्या प्रत्येक पिंडाला मितीवर अवलंबून नसलेल्या एका स्थिरांकाहून मोठा अधिप्रतल-छेद (एक मिती कमी असलेला सपाट काप) असतोच का? गुआन यांच्या कामापाठोपाठ क्लार्टाग आणि लेहेक यांनी डिसेंबर २०२४ मध्ये तो सोडवला, आणि त्यामागे हेच तंत्र आहे. पण इतो कॅल्क्युलस (यादृच्छिक प्रक्रियांचं, म्हणजे स्टोकॅस्टिक, कॅल्क्युलस) येत नसेल, तर सत्र तयारीतच संपेल. मोह आवरत नसेल तर एल्डान यांच्या प्रक्रियेची नुसती रचना आणि गाऊसियन उदाहरण एवढंच घ्या, तेही गाइडना स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस शिकवायला वेळ आहे का ते विचारूनच.