ऑक्सफर्ड हॉटग्रिप्स टूरिंग: गरम होतात झकास, बसवताना मात्र सबुरी हवी

मोटरसायकलच्या हँडलवर बसवायच्या, विजेवर गरम होणाऱ्या या मुठी, म्हणजे ग्रिप्स. पाच पायऱ्यांचा कंट्रोलर, जाड रबर, पूर्ण तापमानावर साधारण 4 अँपिअर वीज खेचतात. थंडीत सुरुवातीला पूर्ण उष्णता द्यायची, हात शेकले की मधल्या पायरीवर आणायचे; पातळ ग्लोव्हजमध्ये त्यापेक्षा जास्त सोसवत नाही.

खरी मेहनत थ्रॉटलच्या (उजव्या हाताने पिळायच्या अ‍ॅक्सिलरेटरच्या) बाजूला. अनेक गाड्यांत तिथे ग्रिपखाली असलेल्या प्लास्टिक ट्यूबवर उभ्या कडा असतात. त्या कानशीने घासून सपाट केल्याशिवाय ग्रिप पूर्ण आत सरकत नाही. गोंद लावण्याआधी एकदा कोरडीच बसवून पाहा, कारण सोबतचा सुपरग्लू काही सेकंदांत धरतो आणि वाकडी बसलेली ग्रिप मग कापूनच काढावी लागते. स्विचगिअरपासून (हँडलवरच्या बटणांच्या डबीपासून) 2 मिलिमीटर फट ठेवा, नाहीतर थ्रॉटल सोडल्यावर परत येत नाही. ही चूक जीवघेणी आहे.

वायर नेमकी याच बाजूला तुटते. थ्रॉटल पूर्ण पिळून आणि हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून बघा. वायर कुठेही ताणली जाता कामा नये, थोडा झोल हवाच.

डावी ग्रिप जरा कमी गरम वाटते, तो दोष नव्हे. तिथली उष्णता थेट धातूचं हँडल शोषतं, उजवीकडे मधे प्लास्टिक असतं.

थेट बॅटरीला जोडणी दिली तरी कमी व्होल्टेजला कंट्रोलर स्वतः बंद होतो. तरीही इग्निशनवर चालणारा रिले (चावी फिरवली तरच वीज सोडणारा स्विच) घालावा.